शीतपेयसेवन, ऑस्ट्रेलियन आदिवासींमधील

ऑस्ट्रेलियातील आदिवासी व टॉरस सामुद्रधुनीतील बेटवासी यांच्या आहारातील साखरयुक्त पेयांचा वापर आणि इतर ऑस्ट्रेलियनांशी त्याची तुलना. पाणी घालून प्यायचे कॉर्डियल (दाट गोड अर्क) काही पाहण्यांत या पेयांत धरतात, काहींत वगळतात. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी मांडताना जपावे लागते.

गोड पेयाची ओळखच युरोपीयांमुळे झाली, हे जुन्या लेखनातील मत टिकणारे नाही. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील नूंगार हे आदिवासी लोक बँक्सिया या झाडाची मधाने ओथंबलेली फुले पेपरबार्क या झाडाच्या सालीने मढवलेल्या खळग्यात पाण्यात भिजत घालीत व ते गोड पाणी पीत. टास्मानियात सायडर गम या निलगिरीच्या जातीच्या खोडाला खाच पाडून रस साठवीत. हा रस मुद्दाम आंबवीत की साठवणीत तो आपसूक आंबे, याबद्दल मतभेद आहेत. निदान टास्मानियापुरते हेतुपुरस्सर आंबवण्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र हा गोडवा हंगामी होता आणि कष्टाने मिळे. एकोणिसाव्या शतकापासून मिशने व गुरांचे मळे यांवर पीठ, चहा आणि साखर असा शिधा वाटला जाऊ लागला, बहुधा मजुरीच्या बदल्यात, आणि साखर रोजची झाली. आजच्या सवयीचे मूळ चवीत शोधण्यापेक्षा या शिध्यात शोधणे योग्य ठरेल.

2012–13 च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत (वय 2 वर्षे व पुढे) आदल्या दिवशी साखरयुक्त पेय घेतलेल्यांचे प्रमाण आदिवासी व बेटवासींत सुमारे 50 टक्के, तर इतरांत 34 टक्के आढळले. मुक्त शर्करेचे (म्हणजे वरून घातलेल्या, तसेच मध व फळांच्या रसातील साखरेचे) सरासरी दैनिक सेवन सुमारे 75 ग्रॅम, म्हणजे इतरांपेक्षा जवळपास 15 ग्रॅम जास्त होते. तेथील नेहमीच्या 375 मिलि.च्या एका कोला-कॅनमध्येच सुमारे 40 ग्रॅम साखर असते. मधुमेहाचा दुसरा प्रकार या समाजात सुमारे तिपटीने आढळतो, म्हणून हा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

उत्तरेकडील तीन दुर्गम वस्त्यांतील दुकानविक्रीच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाद्यखर्चाचा जवळपास चौथा हिस्सा मद्येतर पेयांवर गेलेला दिसला. अशा वस्तीत बहुधा एकच दुकान असते. तिथे फ्रिजमध्ये समोर काय मांडले आहे, यावर बरेच ठरते. आर्नहेम लँड प्रोग्रेस ॲबोरिजिनल कॉर्पोरेशन या दुकाने चालवणाऱ्या आदिवासी संस्थेच्या काही दुकानांत 2018 साली 12 आठवडे साखरयुक्त पेयांच्या मोठ्या बाटल्या फ्रिजमधून हलवल्या व गोड पदार्थांच्या सवलती थांबवल्या. विक्रीतील मुक्त शर्करा 2.8 टक्क्यांनी घटली आणि दुकानांच्या नफ्याला धक्का लागला नाही. या प्रयोगाच्या आखणीत ही आदिवासी संस्था स्वतः सहभागी होती, हे इथे विशेष मोलाचे.

बहुसंख्य आदिवासी शहरांत व निमशहरांत राहतात, तरी अभ्यास मुख्यतः दुर्गम भागाचेच आहेत. पाण्याचा प्रश्नही यात येतो, कारण नळाचे पाणी पिण्याजोगे नसेल तर गोड पेयांकडे वळण्याचा संभव असतो. नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतातील लारांबा या वस्तीत नळाच्या पाण्यातील युरेनियम अनेक वर्षे मार्गदर्शक मर्यादेपेक्षा जास्त होते. शुद्धीकरण संयंत्र 2023 साली बसले.