खेळाची किंमत आणि जाहिराती काढायचे पैसे

एका बोटाने खेळायच्या मोबाइल गेमसाठी पैसे मोजायची वेळ दोनदा येते. एकदा स्टोअरमध्येच: गेमच्या नावापुढे किंमत लिहिलेली असते, ती भरल्याशिवाय गेम मिळत नाही. दुसऱ्यांदा, गेम फुकट उतरवून पंधराएक मिनिटं झाल्यावर: चार जाहिराती बघून जीव विटलेला असतो आणि नेमकं तेव्हाच ‘जाहिराती काढा’ असं बटण समोर येतं. रक्कम दोन्हीकडे साधारण सारखी, दोन्हीकडे एकदाच भरायची. म्हणून आपण दोन्हीला एकच म्हणतो, ‘गेम विकत घेतला’. आणि दुसऱ्या खरेदीत पस्तावलो की ठरवून टाकतो, असल्या टिचभर गेमला पैसे देणं म्हणजे मूर्खपणा.

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. पहिल्या प्रकारात आपण खेळ विकत घेतो. दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा आपण फक्त शांतता विकत घेतो आणि खाली जे उरतं ते आधी होतं तेवढंच राहतं. पहिल्याला पैसे जरूर द्यावेत, दुसऱ्याला देण्याआधी दहा मिनिटं थांबावं.

‘टायनी विंग्ज’ घ्या. 2011 मध्ये आंद्रेआस इलिगर या जर्मन माणसाने तो एकट्याने केला: प्रोग्रामिंग त्याचं, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. किंमत होती 0.99 डॉलर. एक गुबगुबीत पक्षी, पंख इवलेसे, त्यामुळे त्याला धड उडता येत नाही. समोर टेकड्यांच्या लाटा. स्क्रीनवर बोट टेकवलं की पक्षी पंख मिटून जड होतो, उचललं की हलका. उतारावर दाबून धरायचं, चढ लागता लागता सोडायचं, की तो माथ्यावरून हवेत फेकला जातो. नियम संपले. पण पहिल्या दिवशी आपण बोट किंचित उशिरा सोडतो, पक्षी चढाला घासतो, वेग मरतो आणि मागून येणारी रात्र त्याला गाठते. चार दिवसांनी डोळे पुढच्या टेकडीऐवजी त्याच्या पुढच्या टेकडीवर जातात. बोट आपोआप सुटतं, पक्षी दोन टेकड्या ओलांडून तिसरीच्या उतारावर अलगद उतरतो आणि उताराबरोबर त्याचा वेग वाढत जातो. गेममध्ये काहीच बदललेलं नसतं, आपला हात बदललेला असतो.

असं होण्यासाठी गेम करणाऱ्याने बाकी सगळं काढून टाकलेलं असतं. 2009 मधल्या ‘कॅनाबाल्ट’मध्ये माणूस इमारतींच्या गच्च्यांवरून आपला आपण पळतो, आपल्याकडे फक्त उडी. वेग वाढतच जातो. वाटेत खोकी येतात, त्यांना धडकलं की वेग कमी होतो. नवखा खेळाडू खोकी चुकवतो; मुरलेला खेळाडू वेग हाताबाहेर जायला लागला की मुद्दाम एखाद्या खोक्याला धडकतो. एकच बटण, पण अडथळ्याचा ब्रेक झाला. अ‍ॅडम सॉल्ट्समनचा हा गेम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये संग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या 14 व्हिडिओ गेम्समध्ये होता. एका उडीचा खेळ म्हणजे कमी मेहनतीचा खेळ, ही समजूत इथे टिकत नाही.

आता दुसरी जात. हिला या धंद्यात हायपर-कॅज्युअल म्हणतात. बाहेरून पाहिलं तर फरक ओळखू येत नाही: एक बोट, उभी स्क्रीन, खेळ शिकवणारा वेगळा भाग नाही. मात्र इथे एका बोटाचं कारण वेगळं असतं. हा गेम दुसऱ्या गेममधल्या काही सेकंदांच्या जाहिरातीतून विकला जातो, म्हणून तो तेवढ्यात कळला पाहिजे. एक खेळाडू मिळवायला जाहिरातीवर जो खर्च होतो, त्याहून जास्त पैसे त्या खेळाडूला जाहिराती दाखवून सुटले पाहिजेत. खेळाडू काही दिवसांत निघून जाणार हे बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं, त्यामुळे वसुली लवकर करावी लागते. गेमचा कच्चा नमुना थोडक्या आठवड्यांत करायचा, थोड्या जाहिराती देऊन लोक उतरवतात का ते बघायचं, नाही जमलं तर सोडून पुढचा. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. त्यात काम करणारी माणसं हुशार असतात, कष्टही करतात, पण ते कष्ट पहिल्या तासात आपल्याला जाहिरातीसाठी किती वेळा थांबवायचं यावर खर्च होतात. पक्षी टेकडीवरून कसा सुटतो याला तिथे वेळच नसतो.

दोन्हींमधला फरक मला सगळ्यात स्वच्छ दिसतो तो आउट झाल्यानंतरच्या सेकंदात. ‘जिऑमेट्री डॅश’मध्ये एक चौकोन संगीताच्या ठेक्यावर धावतो, आपण टॅप करून त्याला काट्यांवरून उडवतो. चुकलो की चौकोन फुटतो आणि पापणी लवते न लवते तोच आपण पुन्हा सुरुवातीला असतो, गाणं पहिल्या ठेक्यापासून, स्क्रीनवर ‘अटेम्प्ट’ आणि पुढे वाढलेला आकडा. राग यायला वेळच मिळत नाही. चूक हातात ताजी असते, तोवर सुधारायची संधी मिळते. शंभराव्या प्रयत्नाला जी मजा येते ती या वेगामुळे येते. जाहिरातींवर चालणाऱ्या गेममध्ये हाच सेकंद कमाईचा असतो. आपण मरणं ही तिथे विक्रीसाठीची जागा आहे. मग गेम आपल्याला किती वेळा मारायचं, लेव्हल किती छोटी ठेवायची, हे त्या हिशेबाने ठरतं.

म्हणूनच ‘जाहिराती काढा’चे पैसे भरल्यावर बरेचदा हिरमोड होतो. माझा झाला होता. एका गेममध्ये रंगीत गोळा वळणावळणाच्या पट्टीवरून न्यायचा होता, दिसायला छान. दर दोन लेव्हलनंतर अर्ध्या मिनिटाची जाहिरात यायची, म्हणून मी पैसे भरले. जाहिराती थांबल्या. त्यानंतरच्या तासाभरात कळलं की लेव्हल वीस-पंचवीस सेकंदांच्याच आहेत आणि सत्तराव्या लेव्हलला पट्टी सातव्या लेव्हलसारखीच वळते. लेव्हल संपली की तरीही एक पडदा यायचा: ‘तिप्पट नाणी घ्या’ असं मोठं झगमगतं बटण आणि ते दाबलं की जाहिरात. ‘नको’ हा शब्द मात्र दोन सेकंदांनी, बारीक अक्षरांत उगवायचा. मी काढल्या होत्या त्या फक्त आपणहून येणाऱ्या जाहिराती. बक्षीस दाखवून बघायला लावायच्या जाहिराती तशाच राहिल्या होत्या, आणि त्या राहतात हे बटणाखाली लिहिलेलंही होतं. मी वाचलं नव्हतं, ती चूक माझी. पण खरं दुखलं ते वेगळंच. आधी वाटायचं, जाहिराती मजा घालवतायत. त्या गेल्यावर दिसलं की घालवायला तिथे फारसं काही नव्हतंच, उलट त्या व्यत्ययामुळेच ‘आणखी एक लेव्हल’ अशी ओढ लागत होती.

म्हणजे फुकट ते सगळं टाकाऊ आणि किंमत लावलेलं ते सगळं सोनं, असं मुळीच नाही. ‘फ्लॅपी बर्ड’ फुकट होता, जाहिरातींवर चालायचा, तरी आउट झाल्यावर लगेच पुन्हा उडता यायचं. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनने तो 2013 मध्ये आणला. दिवसाला 50,000 डॉलरपर्यंत कमाई होत असल्याच्या बातम्या असतानाही लोकांना त्याचं व्यसन लागतंय म्हणून त्याने फेब्रुवारी 2014 मध्ये तो स्टोअरवरून काढून घेतला. ‘क्रॉसी रोड’ही फुकट. त्यात जाहिरात बघायची की नाही हे खेळाडूवर सोडलं होतं, बघितली तर नाणी मिळायची. पहिल्या तीन महिन्यांत त्याने सुमारे 1 कोटी डॉलर मिळवले. लोकांना न छळताही पोट भरता येतं, याचा तो चांगला दाखला.

काही गेम तर दोन्ही पोशाखांत मिळतात आणि तिथे तुलना एकदम सोपी होते. ‘जिऑमेट्री डॅश’ची लाइट आवृत्ती फुकट आहे: मोजक्या लेव्हल, सोबत जाहिराती. विकतच्या आवृत्तीत जास्त लेव्हल, शिवाय लेव्हल बनवायचं साधन आणि जगभरच्या खेळाडूंनी बनवलेल्या लाखो लेव्हल. इथे पैसे देऊन खेळ खरोखर वाढतो. ‘ऑल्टोज अ‍ॅडव्हेंचर’ हा बर्फावरून घसरत जायचा गेम 2015 मध्ये आयफोनवर विकत आला आणि 2016 मध्ये अँड्रॉइडवर फुकट, जाहिरातींसकट. मुळात तो विकण्यासाठी घडवला होता, त्यामुळे फुकट आवृत्तीतही त्याचा कणा ताठ आहे. बोट दाबून धरलं की घसरणारा हवेत मागे कोलांटी घेतो, आणि जमिनीवर पाय टेकायच्या आत बोट सोडायचा तो क्षण दोन्ही फोनवर तितकाच गोड लागतो. अशा गेमच्या जाहिराती काढायला पैसे द्यायला माझी हरकत नाही. ‘स्मॅश हिट’चा मार्ग आणखी सरळ आहे: गेम फुकट, फक्त दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचा, एकदा पैसे भरले की मध्ये जिथवर पोचलात तिथून सुरू करता येतं. काय मिळणार हे आधीच स्पष्ट.

किंमत सांगून विकणं सोपं नाही, हे ‘सुपर मारिओ रन’च्या बाबतीत दिसलं. डिसेंबर 2016 मध्ये निन्टेन्डोने तो आणला. मारिओ आपणहून पळतो, आपण टॅप करून उड्या मारायच्या, एका हाताने खेळता येतं. सुरुवातीचा भाग फुकट, पुढचं सगळं 9.99 डॉलरला, एकदाच. फुकट म्हणून उतरवलेल्या गेमने मध्येच पैसे मागितले म्हणून लोक चिडले, कितीतरी जणांनी एकच तारा दिला. 2017 मध्ये निन्टेन्डोने सांगितलं की गेम 20 कोटी वेळा उतरवला गेला, तरी नफा मनासारखा झालेला नाही. फुकट ते पौष्टिक ही आपली सवय गेम करणाऱ्यांना कुठे ढकलते, हे या आकड्यांवरून कळतं. दहा डॉलर जास्त होते का? उडीच्या खेळाला ते जास्त वाटले, असं मी म्हणेन. पण त्यात जाहिरात नव्हती आणि लहान मुलाच्या हाती तो निर्धास्त देता यायचा.

मुलांचा मुद्दा खरं तर स्वतंत्र आहे. छोट्या बोटाला जाहिरातीची फुली सापडत नाही, ते भलत्याच पानावर जाऊन पोचतं. मूल रोज तोच गेम खेळत असेल तर गेम किरकोळ असला तरी जाहिराती काढायचे पैसे सार्थकी लागतात.

बाकी वेळा माझी पद्धत अशी. गेम फुकट असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून दहा मिनिटं खेळते. जाहिराती बहुधा येत नाहीत, आणि पैसे भरल्यावर गेम कसा लागेल याचा नमुना फुकटात मिळतो. (‘सुपर मारिओ रन’ला ही युक्ती चालत नव्हती, तो इंटरनेटशिवाय उघडायचाच नाही. पैसे भरलेल्यांनाही हा जाच होता.) त्या दहा मिनिटांत मी एवढंच बघते की आउट झाल्यावर चूक माझी होती असं वाटतं का, आणि बोट लगेच पुन्हा स्क्रीनवर जातं का. वाटत असेल तर पैसे भरते. कंटाळा आला तर जाहिराती काढून तो जाणार नाही. गेम दोन-तीन दिवस खेळून काढूनच टाकायचा असेल तर फुकटच बरा. प्रवासातला अर्धा तास गेला, आपलं आणि गेम करणाऱ्याचं, दोघांचंही काम झालं.

विकतच्या गेमची किंमत बघून मात्र बरेच जण ‘एवढ्याशा गेमला?’ म्हणतात, त्यांना मला विचारावंसं वाटतं की गेम किती मोठा आहे यावर किंमत का ठरवायची. मी ज्या गेमकडे वर्षानुवर्षं परत जाते ते सगळे एका बोटाचे आहेत, आणि मोठमोठ्या कथांचे गेम अर्ध्यावर पडून आहेत.

विकत घेण्यातही एक धोका आहे, तो लपवणं बरोबर नाही. करणारा गेमला अधूनमधून अपडेट देत राहिला नाही तर फोनची नवी प्रणाली त्या गेमला सोडून पुढे जाते. सप्टेंबर 2017 मध्ये आयफोनची आयओएस 11 ही प्रणाली आल्यावर जुन्या पद्धतीने बनवलेल्या (32-बिट) अ‍ॅप्सचं चालणं बंद झालं आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेले कितीतरी गेम एका अपडेटमध्ये गेले. म्हणून घेण्याआधी शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघावं. अँड्रॉइडवर स्टोअरच्या पानावर ‘जाहिराती आहेत’ आणि ‘अ‍ॅपमधील खरेदी’ अशा खुणा असतात. किंमत लावलेल्या गेमखाली या दोन्ही दिसल्या तर मी तो घेत नाही. गुगल प्लेवर खरेदीनंतर 48 तासांच्या आत परतावा मागायची सोय आहे, तेवढ्यात बोटाला खेळ पटतो की नाही ते कळतं.

आणि ‘जाहिराती काढा’ दाबलंच, तर रकमेपुढे ‘आठवड्याला’ असं लिहिलेलं नाही ना, ते बघून घ्या. काही गेममध्ये तीन दिवस फुकट देऊन पुढे दर आठवड्याला पैसे कापणारी वर्गणी असते. गेम फोनवरून काढून टाकला तरी ती आपोआप थांबत नाही, स्टोअरच्या वर्गण्यांच्या पानावर जाऊन बंद करावी लागते.