व्हीसेंटरचे अपडेट पुन्हा का? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"गेल्या महिन्यातच केलं होतं ना?" फोनवर पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हो, केले होते. १७ सप्टेंबर २०२४ रोजी ब्रॉडकॉमने (व्हीसेंटर बनवणारी व्हीएमवेअर आता त्यांच्या मालकीची आहे) व्हीसेंटरमधल्या दोन दोषांसाठी दुरुस्ती काढली आणि आपण ती बसवली. २१ ऑक्टोबरला कंपनीनेच कळवले, की त्यातल्या सीव्हीई-२०२४-३८८१२ (हा दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) या दोषावरचा इलाज अपुरा होता. म्हणून नवे अपडेट. एकाच कामासाठी दुसऱ्यांदा सर्व्हर रूमची किल्ली मागताना आम्हालाही संकोच वाटतो. या खेपेचे वेगळे बिल लावणार नाही.

व्हीसेंटर म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनांचा, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेल्या आभासी संगणकांचा, मुकादम. टॅली, ईआरपी, फाइल सर्व्हर ही मशीने चालतात ईएसएक्सआय होस्टवर, म्हणजे खोलीतल्या खऱ्या सर्व्हरवर. कोणते कुठे चालवायचे आणि कुठून कुठे हलवायचे, हे व्हीसेंटर बघतो. त्याच्यात नेटवर्कवरून आलेले निरोप घेणारा डीसीईआरपीसी नावाचा एक भाग आहे. दोष तिथे आहे. मुद्दाम वेडावाकडा बनवलेला निरोप आला, की तो मेमरीत ठरवून दिलेल्या जागेबाहेर सांडतो आणि पाठवणाऱ्याला व्हीसेंटरवर हवा तो प्रोग्राम चालवण्याची वाट मिळू शकते. पासवर्ड लागत नाही. नेटवर्कने तिथवर पोचता आले की पुरे. तीव्रता १० पैकी ९.८. सेटिंग बदलून भागेल अशी तात्पुरती सोयही नाही.

"आमचा व्हीसेंटर इंटरनेटवर नाहीच," असे काही जण म्हणतात. ते बरोबर आहे, आणि तसाच ठेवा. पण हिशेब विभागातला एखादा लॅपटॉप व्हायरस घेऊन आला, तर तो आत येऊनच बसलेला असतो. मुकादमच ताब्यात गेला, तर एकेका मशीनला कुलूप लावून उपयोग नाही.

आता काम किती थांबेल? तुमचे जवळजवळ नाहीच. व्हीसेंटर बंद असला तरी व्हर्च्युअल मशीने चालू राहतात. एखादा होस्ट पडलाच, तर त्यावरची मशीने दुसरीकडे उठवणारी एचए यंत्रणाही चालू राहते, कारण ती होस्ट आपापसात सांभाळतात. त्या वेळात नवे मशीन बनवणे, चालू मशीन हलवणे आणि व्हीसेंटरमार्फत होणारा बॅकअप मात्र बंद. रात्रीच्या बॅकअपची वेळ आम्ही पुढे ढकलू. होस्टना या वेळी हात लावायचा नाही. दोष व्हीसेंटरमधला आहे.

आधी व्हीसेंटरचा बॅकअप, मग स्नॅपशॉट (बिघडले तर मागे येता यावे म्हणून त्या क्षणाची जपलेली स्थिती), मगच अपडेट. तो स्वतः कोणत्या होस्टवर बसलाय हेही कागदावर लिहून ठेवतो. बंद झाल्यावर विचारायचे कुणाला? व्हीसेंटरच्या रूट, म्हणजे मुख्य, खात्याच्या पासवर्डची मुदत मुळात ९० दिवसांची असते. ती उलटून गेली असेल तर अपडेट अडते, म्हणून तो आधी तपासू. सगळे नीट चालले की स्नॅपशॉट दोन दिवसांत काढून टाकतो, नाहीतर तो फुगत जाऊन डेटास्टोअर (मशीनांच्या फायली ठेवायची जागा) भरतो.

कोणाला कोणते अपडेट, ते व्हीसेंटरच्या आवृत्तीवर ठरते: ८.० अपडेट ३ वाल्यांना ३-डी, अपडेट २ वर राहिलेल्यांना २-ई आणि ७.० वाल्यांना ३-टी बसेल. ज्यांच्याकडे अजून ६.७ आहे त्यांचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ लाच संपला. त्यांच्याशी वेगळे बोलावे लागेल.

दिवस ३० किंवा ३१ ऑक्टोबर, सकाळ की संध्याकाळ ते तुम्ही सांगा. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. त्या दिवशी हिशेबाच्या मशीनच्या आसपासही फिरकू नका, असे बहुतेकांनी बजावले आहे, आणि ते आम्हाला मान्य आहे. किल्ली असलेली एक व्यक्ती मात्र शेवटपर्यंत थांबायला हवी.