चौथी खुर्ची भांडणाची

‘नवरा-बायकोत कलह? 24 तासांत खात्रीशीर तोडगा!’ भिंतीवरच्या असल्या पत्रकांना कोल्हापुरात अजून गिऱ्हाईक आहे. समुपदेशकाकडे जाणारे तरी काय समजून जातात? आपलं गाऱ्हाणं ऐकून पंच निवाडा देतील, चूक कुणाची ते सांगतील. जोडप्यांच्या उपचारात हे कुणी करत नाही.

एक नेहमीचं भांडण घेऊ. तो शिरोलीच्या फौंड्रीतून रात्री घरी येतो. ‘अहो, आईंची औषधं आणलीत का?’ ‘हं.’ नजर मोबाइलवर. ती आवाज चढवते, तो आणखी गप्प होतो, शेवटी गाडीला किक मारून रंकाळ्यावर. ती पाठलाग करते म्हणून तो पळतो, आणि तो पळतो म्हणून ती पाठलाग करते. सुरुवात कुणी केली हे शोधण्यात अर्थ नाही. चक्राला टोक नसतं.

1970 च्या दशकातली वर्तन-उपचार पद्धत इथे गृहपाठ देते. एकमेकांना आवडणाऱ्या छोट्या गोष्टींची यादी करा, त्या रोज करा. एका वेळी एकच प्रश्न घ्या, आधी नुसते पर्याय लिहा, मग निवडा, आठवड्याने तपासा. गुण लवकर येतो आणि बऱ्याचदा ओसरतो. का? तो चहा करून देतो, पण चहा यादीतला आहे हे तिला ठाऊक असतं. ‘त्यांनी सांगितलं म्हणून केलात ना?’ नियम पाळून केलेली कृती आणि समोरच्याच्या प्रतिसादातून आपसूक घडत गेलेली कृती बाहेरून सारख्याच दिसतात. पण नियमाचा धाक संपला की पहिली थांबते. दुसरीला तिच्या चेहऱ्यावरचं हसूच पुरतं.

अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरून ‘स्वीकारा’वर भर देणारी पद्धत बांधली. पहिली बैठक दोघांची, मग प्रत्येकाची स्वतंत्र. मारहाणीचं तिथेच विचारतात, कारण नवऱ्यासमोर ती बोलणार नाही. घरात दहशत असेल तर एकत्र उपचार नाहीत. आधी सुरक्षितता, महिलांसाठीची 181 हेल्पलाइन. चौथ्या बैठकीत चक्राचं चित्र दोघांपुढे मांडतात. पुढे कधी एक रिकामी चौथी खुर्ची ठेवतात. तिच्यावर बसतं भांडण. ‘तुम्ही असे’ जाऊन ‘हे आलं बघा परत’ सुरू होतं. बदलाचा रेटा कमी झाला की माणूस बऱ्याचदा स्वतःहून बदलतो.

सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांची भावनाकेंद्री पद्धत रागाखालची भीती शोधते: ‘मी नकोशी झालेय का?’ आधी गप्प बसणाऱ्याला बोलतं करायचं, मगच चिडणारीला मऊ होता येतं.

लॉस एंजेलिस आणि सिअॅटलमधल्या, वर्षानुवर्षं त्रासलेल्या 134 जोडप्यांवर पहिल्या दोन पद्धती ताडून पाहिल्या, जास्तीत जास्त 26 बैठका. दोन वर्षांनी स्वीकार-पद्धतीत 69 टक्के जोडपी सुधारलेली होती, जुन्या पद्धतीत 60. पाच वर्षांनी फरक जवळपास पुसला गेला, दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास. चौथा हिस्सा जोडपी वेगळी झाली होती. 24 तासांची हमी देणाऱ्याला हे आकडे दाखवा.

आणि रंकाळ्याचं? भांडताना नाडी 15 सेकंद मोजा. 25 च्या वर ठोके म्हणजे मिनिटाला शंभराच्या पुढे. ऐकून घेण्याची ताकद तेव्हा उरत नाही. निदान 20 मिनिटं विश्रांती हवीच. जावं खुशाल, पण ‘साडेनऊला येतो, मग बोलू’ असं सांगून. पाण्याकडे बघत उत्तरं रचत बसलं, तर नाडी काही उतरत नाही.