किनाऱ्यावरचा गंज (कोकण) : संशोधन आणि करिअर

खाऱ्या हवेत लोखंड आणि आरसीसी (आत लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट) कसं खराब होतं आणि ताणाखाली असताना ते नेमकं कधी तुटतं, याचा अभ्यास. अर्धा मटेरियल सायन्समध्ये येतो, अर्धा इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये, त्यामुळे कॉलेजात तो बऱ्याचदा कुणाचाच नसतो.

चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो, त्यामुळे सळीवर ऑक्साइडचा पातळ थर बसून ती सुरक्षित राहते. मिठातलं क्लोराइड आत झिरपलं की हा थर जागोजागी फुटतो, गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा मागतो आणि काँक्रीट ताणात कमजोर असल्याने सळीच्या रेषेत तडा जातो. मुसळधार पाऊस उघड्या भिंतीवरचं मीठ धुऊन नेतो पण छज्ज्याच्या आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला ते तसंच राहतं, पापुद्रे आधी तिथेच सुटतात.

किती क्लोराइड झालं की गंज सुरू होतो यावर मात्र एकमत नाही. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा आकडा सगळीकडे वापरला जातो, पण वेगवेगळ्या प्रयोगांत तो साधारण ०.२ पासून २ टक्क्यांच्याही वर निघालाय, कारण काही क्लोराइड सिमेंटमध्ये बांधलं जातं, सळीलगतच्या पोकळ्या वेगळ्या असतात, आणि मीठ मिश्रणातच घालणं व बाहेरून झिरपू देणं यात फरक पडतो. एकच आकडा धरून बसण्यापेक्षा शक्यतेच्या भाषेत आयुष्य मोजणारी पद्धत जास्त पटते. कव्हर (सळीवरच्या काँक्रीटची जाडी) दुप्पट केलं तर क्लोराइड सळीपर्यंत पोचायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो हे तरी बहुतेकांना मान्य आहे. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) किनारी हवेसाठी किमान एम ३० ग्रेडचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर सांगतं, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम ४० आणि ७५ मिमी.

पणजीचा मांडवी पूल १९७० मध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. त्याचं मुख्य कारण प्रीस्ट्रेसिंग केबल (काँक्रीट दाबून धरण्यासाठी ताणून बसवलेल्या पोलादी तारा) गंजणं हेच सांगितलं जातं. अशी तार कायम प्रचंड ताणात असते, गंजाने तिच्यावर छोटा खड्डा पडला तरी ताण तिथे एकवटतो आणि ती फारशी सूचना न देता तुटते. नुसतं रसायन किंवा नुसती मेकॅनिक्स शिकलेल्याला हे अर्धंच दिसतं.

इंजिनिअरिंगसाठी लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ कोकणातच आहे, पुढे मटेरियलसाठी आयआयटी मुंबई. गेट या एमटेक प्रवेश परीक्षेच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल सायन्स हे दोन्ही विभाग एकत्र घेता येतात, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. संशोधनासाठी दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अंबरनाथची डीआरडीओची नौदल मटेरियल प्रयोगशाळा, आणि कोकणाबाहेर तमिळनाडूतल्या कराईकुडीची सेक्री (केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था).

नोकऱ्या गोदी, बंदरं, कोकण रेल्वेचे पूल, पेट्रोकेमिकल आणि स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये असतात. ऑडिटमध्ये हाफ-सेल टेस्ट (काँक्रीटवरून सळीचं विद्युत पोटेन्शियल मोजणं) रोजची, रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंजाची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात, पण ओलावा बदलला की रीडिंगही बदलतं. कोटिंग इन्स्पेक्टरला एएमपीपीचं सर्टिफिकेट (गंज आणि कोटिंगमधली ही आंतरराष्ट्रीय संस्था २०२१ मध्ये नेस आणि एसएसपीसी या दोन संस्था मिळून झाली) उपयोगी पडतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की सहसा पेंट मारू देत नाहीत, म्हणून कोकणात बाहेरचं हे काम मुख्यतः दिवाळी ते शिमगा आणि त्यापुढे पाऊस लागेपर्यंतच मिळतं.