पेन्सिल सेलवरचे खेळ: बडोद्यातल्या एका हँडहेल्ड संग्रहाची पार्श्वभूमी

बडोद्यात कुणा मराठी माणसाने आपला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायच्या, कन्सोलचा संग्रह कपाटातून काढून मांडला, की सालं उलटसुलट लागतात. निन्टेन्डोचा १९८९चा गेम बॉय त्याच्या घरात पोचला तोवर जपानमध्ये रंगीत आवृत्ती निघालेली असते. सेगाचा गेम गिअर सहसा नसतोच. आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेलं यंत्र कोणतं असं विचारलं, तर तो धड कंपनीचं नावसुद्धा नसलेला ‘ब्रिक गेम’ पुढे करतो. माझं कपाटही असंच आहे. त्यातले माझे लाडके खेळ म्हणजे टेट्रिस, लिंक्स अवेकनिंग, पोकेमॉन गोल्ड, ॲडव्हान्स वॉर्स, वॉरिओवेअर आणि लुमिनेस. खेळ उत्तम आहेत यात वाद नाही. पण ते माझ्यापर्यंत आले आणि टिकले ते सेल, चार्जर आणि परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगा यांच्या कृपेने, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

निन्टेन्डो ही क्योटोतली पत्ते बनवणारी कंपनी, १८८९ सालची. गुनपेई योकोई तिथे १९६५ साली पत्त्यांच्या कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला लागला आणि पुढे खेळणी काढू लागला. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्याने पाहिला आणि त्यावरून त्याला खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. कमी सांगितला जातो तो तिचा आर्थिक भाग. सत्तरच्या दशकात कॅसिओ आणि शार्प यांच्यात कॅल्क्युलेटरच्या किमतींची चुरस लागली होती आणि त्यात एलसीडी पडदे स्वस्त होऊन बसले होते. १९८०चा ‘गेम अँड वॉच’ या स्वस्ताईवर उभा राहिला, तोही मनगटी घड्याळात असतात तसल्या बटण सेलवर. त्याच मालिकेतल्या १९८२च्या डाँकी काँगमध्ये अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण आलं, ते आजतागायत चालू आहे. जुनं, पिकलेलं, स्वस्त तंत्र घ्यायचं आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधायचा, अशी योकोईची रीत होती.

गेम बॉयही त्याच रीतीचा. एप्रिल १९८९मध्ये तो जपानमध्ये १२,५०० येनला आला, तेव्हा त्याचा पडदा हिरवट, १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि चारच छटांचा होता. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स नावाचा कन्सोल रंगीत पडदा घेऊन उतरला आणि १९९०मध्ये गेम गिअर आला. कागदावर दोघेही गेम बॉयला सहज हरवतात. पण दोघांनाही सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज काढी. हे आकडे चांगल्या अल्कलाइन सेलचे. आपल्याकडे तेव्हा टॉर्च आणि ट्रान्झिस्टरमध्ये घालायचे ते साधे झिंक-कार्बन सेल घरोघरी होते, ते त्याहून लवकर झोपत. सहा सेलचं यंत्र घरात असणं म्हणजे दर रविवारी वडिलांपुढे हात पसरणं. गेम गिअर दिसायला देखणा आहे, मी हाताळलाही आहे, पण तो माझ्याकडे नाही याचं मला जराही वाईट वाटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बडोद्याच्या मंगळ बाजारात आणि न्यायमंदिराच्या आजूबाजूला ब्रिक गेम दिसू लागला. चिनी बनावटीचा, पेन्सिल सेलवर चालणारा, पडद्यावर आडव्या दहा आणि उभ्या वीस चौकटी. डब्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं असे. प्रत्यक्षात डझनभर खेळ असत आणि वेग, पातळी बदलून बदलून तो आकडा फुगवलेला असे. गाडीची शर्यत, रणगाडा, साप, आणि मुख्य म्हणजे वरून पडणारे ठोकळे. खऱ्या टेट्रिसच्या परवान्याशी त्याचा काही संबंध नव्हता. बडोद्यात मात्र एका अख्ख्या पिढीने टेट्रिस शिकला तो याच डब्यावर. संग्राहकांमध्ये त्याला बिनकिमतीचा मानायची पद्धत आहे. मला ती पटत नाही.

खऱ्या टेट्रिसची कथा मॉस्कोची. अलेक्सेई पाजित्नोव्हने तो १९८४ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात एलेक्ट्रोनिका ६० या यंत्रावर लिहिला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून पहिले ठोकळे कंसांच्या चिन्हांनी बनवलेले होते. पुढे हक्कांचा असा गुंता झाला की एकच गोष्ट तिघाचौघांनी एकमेकांना विकलेली. फेब्रुवारी १९८९मध्ये हेंक रॉजर्स हा खेळांचा प्रकाशक पर्यटक व्हिसावर मॉस्कोत गेला, एलोर्ग या सरकारी खात्याच्या दारात न बोलावता उभा राहिला आणि हँडहेल्डचे हक्क मिळवून आला. अमेरिकेत गेम बॉयबरोबर मारिओ न देता टेट्रिस द्यावा, हेही त्यानेच निन्टेन्डोच्या गळी उतरवलं: मारिओ फक्त मुलं खेळतील, टेट्रिस सगळे खेळतील. आमच्या घरी ते शब्दशः खरं ठरलं. आईने कन्सोलला कधी हात लावला असेल तर तो टेट्रिससाठी. पाजित्नोव्हला स्वतःला रॉयल्टी मिळू लागली ती १९९६पासून.

आता बॅगांकडे. नव्वदच्या दशकात भारतात टीव्हीला जोडायचे खेळ मिळत होते. मीडिया व्हिडिओचा लिटल मास्टर होता आणि सामुराईच्या नावाने निन्टेन्डोचा कन्सोलही विकला जाई. हातातल्या यंत्रांकडे मात्र कुणी मन लावून पाहिलं नाही. परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक, म्हणजे किती माल आणायचा याचे, निर्बंध पूर्ण उठले ते एप्रिल २००१मध्ये. तोवर मार्ग एकच, येणाऱ्या माणसाचं सामान. बडोद्याला अशा माणसांची कमतरता कधीच नव्हती. कुणाचे मामा न्यू जर्सीत, कुणाची आत्या लंडनला, शेजारच्या पटेलांचे तर दोन्हीकडे. ही मंडळी डिसेंबर-जानेवारीत येत, लग्नं उरकत, उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवत आणि परत जात. त्यामुळे इथल्या संग्रहांमध्ये नव्या वस्तूंचा हंगाम हिवाळा, आणि निवड मामांची. मुलाला काय हवंय हे पत्रात लिहून कळवलं तरी दुकानात जे सवलतीत असेल तेच येई.

एका बाबतीत निन्टेन्डोने नकळत आपलं भलं केलं. गेम बॉय, त्यानंतरचा गेम बॉय ॲडव्हान्स आणि त्याही पुढचा पहिला डीएस या यंत्रांच्या खेळांना देशाचं कुलूप नव्हतं. लंडनची कॅसेट न्यू जर्सीच्या यंत्रात चाले, जपानचीही चाले. (हो, आम्ही त्यांना कॅसेटच म्हणायचो, आणि मी अजूनही म्हणतो.) कुलूप आलं ते डीएसआय आणि थ्रीडीएस या पुढच्या यंत्रांपासून. विजेच्या बाबतीत नशीब तितकं बरं नव्हतं. २००३चा ॲडव्हान्स एसपी हा गेम बॉय घराण्यातला पहिला आतल्या चार्जिंगच्या बॅटरीचा, पण अमेरिकेतून आलेल्या एसपीचा चार्जर फक्त १२० व्होल्टचा. तो इथल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये खोचला की संपलं. ज्यांना माहीत होतं ते स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणत. तो ठोकळा एसपीपेक्षा कितीतरी जड असे. सोनीचा पीएसपी हा हँडहेल्ड याबाबतीत शहाणा होता, त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चाले.

ॲडव्हान्सचं मूळ मॉडेल, २००१चं, दोन पेन्सिल सेलवर चाले आणि त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. सुरुवातीलाच आलेला कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून इतका काळोखा की दिवसा खिडकीत बसूनच खेळावा लागे. ॲडव्हान्स वॉर्स मला आवडतो त्याचं एक कारण हेच की त्याचे रंग भडक आहेत आणि खेळ पाळीपाळीचा आहे. रणगाडा हलवा, यंत्र बाजूला ठेवा, जेवून या, शत्रू थांबलेला असतो. तो अमेरिकेत १० सप्टेंबर २००१ रोजी निघाला. दुसऱ्या दिवशी जे झालं त्यानंतर युद्धाच्या खेळाचं जपानमधलं प्रकाशन लांबलं ते थेट २००४पर्यंत. वॉरिओवेअर, २००३चा, याच्या उलट टोकाचा: प्रत्येक खेळ काही सेकंदांचा, समजेपर्यंत संपतो. मोठ्या कन्सोलवरून कापून न आणता हँडहेल्डसाठी मुद्दाम घडवलेला खेळ कसा असतो हे पाहायचं असेल, तर हे दोन पुरेत.

पीएसपी आला आणि हातातला खेळ पहिल्यांदाच टीव्हीवरच्या खेळासारखा दिसू लागला. बहुतेकांना त्यावर गॉड ऑफ वॉर हवा असे. मी लुमिनेसवर अडकलो, म्हणजे फिरून ठोकळेच, फक्त संगीताच्या तालावर साफ होणारे. पीएसपीसाठी भारतातही खेळ बनले. हैदराबादच्या गेमशास्त्राने २००९मध्ये ‘देसी अड्डा’ काढला, त्यात कबड्डी होती, पतंग होते. खेळ म्हणून तो सुमार आहे, हे स्पष्ट सांगतो. बडोदेकराच्या कपाटात मात्र तो हवाच. कबड्डीचे नियम १९२३ साली छापले गेले ते इथल्या हिंदविजय जिमखान्यात, आणि त्याच वर्षी अखिल भारतीय स्पर्धाही इथेच झाली.

राहिले लिंक्स अवेकनिंग आणि पोकेमॉन गोल्ड. पहिला १९९३चा. निन्टेन्डोच्या प्रोग्रामरांनी कामाचे तास संपल्यावर गंमत म्हणून सुरू केलेल्या उद्योगातून तो जन्मला. दुसरा १९९९चा. दोन्ही लांब पल्ल्याचे, म्हणजे खेळाडूची प्रगती साठवणारे, आणि ती साठवण कॅसेटच्या आत डाग (सोल्डर) दिलेल्या चपट्या लिथियम सेलवर जिवंत राहते. सेल संपला की साठवण पुसली जाते. गोल्डमध्ये त्याच सेलवर घड्याळही चालतं, खेळात खरा दिवस आणि खरी रात्र होते, म्हणून तो आधी संपतो. पोकेमॉनच्याच पुढच्या रुबी आणि सफायरमध्ये प्रगती फ्लॅश मेमरीत असते. सेल गेला तरी फक्त घड्याळ थांबतं आणि तसा संदेश पडद्यावर येतो. बाजारातल्या नकली कॅसेटी यावरूनच पकडता येतात: अस्सल रुबीची प्रगती सेलशिवाय टिकते, कित्येक नकली रुबींची टिकत नाही.

सेल बदलायचा तर निन्टेन्डोच्या खास आकाराच्या स्क्रूसाठी वेगळा पाना लागतो, मग जुने डाग सोडवून पत्ती जोडलेला नवा सेल डाग देऊन बसवायचा. बडोद्यात हे काम घड्याळवाला करत नाही, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा करतो. त्याला आधीच बजावावं लागतं की सेलवर थेट डाग देऊ नकोस, तो फुटू शकतो. जुना सेल काढला की प्रगती जाते, म्हणून हल्ली कॅसेट संगणकाला जोडायचं छोटं उपकरण वापरून आधी प्रत काढून ठेवतात आणि नव्या सेलवर ती परत चढवतात. गोल्डचं मी तसंच केलं. रुबीला अजून हात लावलेला नाही, घड्याळ बंद असलं तरी ती चालतेच आहे.