जत्रेतील झुले आणि रोलर कोस्टर (विदर्भ)

जत्रेतील झुले : यात्रा-जत्रांच्या मैदानात काही दिवस किंवा आठवडे उभी राहणारी, माणसांना बसवून फिरवणारी, झुलवणारी किंवा उंचावरून खाली आणणारी यंत्रे. विदर्भाच्या खेड्यांत या सगळ्यांना सरसकट ‘झुले’ म्हणतात. झुले, खेळण्यांची दुकाने, मौत का कुआँ असा सगळा पसारा मिळून ‘मीना बाजार’ होतो. रहाटपाळणा किंवा आकाशझुला, नाव (कोलंबस), ब्रेकडान्स, टोराटोरा आणि ड्रॅगन ट्रेन हे नेहमीचे प्रकार. रोलर कोस्टर, म्हणजे उंचावर ओढून नेलेली आणि तिथून गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर सोडून दिलेली रुळांवरची गाडी, या जत्रांत येत नाही. जर्मनीतल्या मेळ्यांत सुटा करून ट्रकांवरून नेता येणारा, पाच लूपांचा (गाडीला उलटे करून आणणाऱ्या उभ्या वेढ्यांचा) ‘ऑलिम्पिया लूपिंग’ १९८९ पासून फिरतो आहे. पण तेवढे लोखंड बहिरमच्या जत्रेच्या माळावर आणायचे तर तिकिटाचा दर तिथल्या हंडीतल्या मटणापेक्षा महाग पडेल. तरीही रोलर कोस्टरच्या थराराचे बहुतेक घटक या साध्या झुल्यांत सुटेसुटे सापडतात, आणि एक-दोन तर इथे अधिक चोख मिळतात.

हंगाम आणि जागा : झुल्यांचा हंगाम पिकाच्या पैशाशी बांधलेला आहे. कापसाची वेचणी होऊन घरात चार पैसे खेळू लागले की कार्तिकापासून झुलेवाले बाहेर पडतात आणि चैत्राच्या उन्हापर्यंत एका जत्रेतून दुसरीकडे सरकत राहतात. अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबर-जानेवारीत महिनाभराहून जास्त चालते. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी गर्दी असते. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याला महाशिवरात्रीला, बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला होळीच्या सुमारास आणि वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला रामनवमीला लोक लोटतात. विदर्भाच्या मोठ्या भागातली जमीन काळी आणि भारी. उन्हात तिला भेगा पडतात, पाणी लागले की ती फुगते आणि मऊ होते. त्यामुळे झुल्याच्या बैठकीखाली जाड लाकडी ठोकळे आणि फळ्या घालून वजन पसरवावे लागते आणि ते रोज तपासावे लागते.

थरार कशाचा : लोक वेगाला घाबरतात असे समजले जाते, ते अर्धवट खरे आहे. सरळ रेषेत, एकाच वेगाने जाणारी गाडी शरीराला जाणवत नाही. रेल्वेत झोप लागते ती त्यामुळेच. जाणवतो तो वेगातला आणि दिशेतला बदल. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, आणि सूक्ष्म खड्यांचा भार पेलणारे दुसरे अवयव सरळ रेषेतला वेगबदल व गुरुत्वाची दिशा टिपतात. आसनाचा आधार कमी झाला की पोटातल्या अवयवांवरचा नेहमीचा ताणही सुटतो आणि पोटात गोळा येतो. भरधाव एसटी पुलाच्या उंचवट्यावरून उतरते तेव्हा मागच्या बाकावर जे होते तेच हे. अशा क्षणी शरीराचे वजन घटलेले नसते; बूड ज्या वस्तूवर टेकले आहे ती वस्तू आपल्याला किती वर रेटते, ते घटलेले असते. झुल्याची सारी करामत या रेट्याची वाढ-घट घडवण्यात आहे. उंची, वेग, अंधार, गोंगाट हा वरचा मसाला.

रहाटपाळणा : जुना लाकडी रहाटपाळणा चार पाळण्यांचा असतो आणि हाताने फिरवतात. मोठ्या लोखंडी आकाशझुल्याला डिझेल इंजिन किंवा मोटर असते. या प्रकाराचे अवाढव्य रूप जॉर्ज फेरिसने १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभे केले : उंची सुमारे ८० मीटर, ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसे. लंडनचे ‘लंडन आय’ १३५ मीटर उंच आहे, पण त्याची एक फेरी सुमारे अर्ध्या तासाची. तिथे देखावा मिळतो, पोटात काही हलत नाही. जत्रेतला झुला उंचीने त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, पण तो भरभर फिरतो. ६ मीटर त्रिज्येचा झुला ८ सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर ६० किलोच्या माणसाला अगदी वर असताना आसनाचा रेटा ३७ किलोइतकाच जाणवतो आणि तळाशी आला की ८३ किलोइतका. दर आठ सेकंदांनी हा चढउतार. गिऱ्हाइकाची किंकाळी मात्र तळाशी निघत नाही. पाळणा माथा ओलांडून पुढच्या बाजूने खाली झुकतो तेव्हा निघते, कारण त्या टप्प्यात रेटा कमी असतो आणि डोळ्यांसमोर आधाराला काही दिसत नाही. उलट्या दिशेने, पाठमोरे खाली येणे काहींना याहून कठीण वाटते.

आणखी एक गोष्ट झुलेवाला मुद्दाम करत नाही, पण तीच सर्वांत जास्त लक्षात राहते. चाकाचा तोल राहावा म्हणून पाळणे समोरासमोर भरावे लागतात. दोन माणसे चढवायची, अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा दोन. तोवर आधी बसलेले लोक माथ्यावर लटकत राहतात. वाऱ्याने पाळणा हलतो, खाली तेलाच्या कढया आणि दिव्यांच्या माळा दिसतात, शेजारचा पोट्टा मुद्दाम पाळणा हलवतो. या थांब्याला यंत्रशास्त्र लागत नाही, आणि तो रोलर कोस्टरच्या चढणीइतकाच कामाचा आहे.

नाव : सांगाड्याला टांगलेली मोठी नाव मागेपुढे झोके घेते. खालून मोटरवर फिरणारे रबरी चाक नावेच्या तळाला दर झोक्याला थोडे ढकलते आणि झोका वाढत जातो. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांवर गेला तर टोकाच्या क्षणी आसनाचा रेटा निम्मा होतो, आणि तळातून जाताना दुप्पट. म्हणजे ६० किलोचा माणूस काही सेकंदांत ३० किलोचा होतो आणि १२० चा. रहाटपाळण्यापेक्षा हा फरक बराच मोठा आहे. मधल्या आसनांवरची माणसे गप्पा मारू शकतात; टोकाची आसने अधिक कोनापर्यंत आणि अधिक उंच जातात, म्हणून जाणकार पोरे टोकाच्या जागेसाठी भांडतात. हे भांडण शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे.

ड्रॅगन ट्रेन आणि खरा रोलर कोस्टर : लहान मुलांची ड्रॅगन ट्रेन दिसायला रोलर कोस्टरसारखी असते, पण तिला मोटर सतत ओढत असते. चढावर आणि उतारावर वेग जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे माथ्यावर रेंगाळणे आणि मग सुटणे हा मुख्य प्रसंगच तीत नाही. खऱ्या रोलर कोस्टरला चढण संपल्यावर इंजिन लागत नाही. ४० मीटर खाली उतरलेली गाडी, घर्षण सोडले तर, ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग घेते. डबे भरलेले असोत की रिकामे.

या वंशाची सुरुवात रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, लाकडी सांगाड्यांवर बर्फ चढवून केलेल्या घसरगुंड्यांपासून झाली. १८१७ साली पॅरिसमध्ये रुळांना जखडलेल्या चाकांच्या गाड्या आल्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथला कोळसा वाहण्याचा १८२७ चा उताराचा लोहमार्ग पुढे सहलीचा मार्ग झाला, आणि १८८४ साली ला मार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडवर पाच सेंटांत बसता येणारी गाडी सुरू केली. ती ताशी जेमतेम दहा किलोमीटरने धावायची. आजच्या ड्रॅगन ट्रेनलाही हसू येईल, पण तेव्हा रांगा लागत.

या गाड्यांची सर्वांत मोलाची खुबी चढणीवरच आहे. साखळी गाडीला वर नेते तेव्हा येणारा खट-खट-खट आवाज हा गाडी मागे घसरू नये म्हणून दातेरी पट्टीत पडणाऱ्या खिटीचा असतो. सुरक्षेची सोय, पण माणूस त्या प्रत्येक खटक्यासरशी परतीची वाट बंद झाल्याचे मोजत असतो. दुसरी खुबी म्हणजे तळातून वर येऊन पुन्हा खाली जाणारे बुटके उंचवटे. त्यांचा आकार फेकलेल्या दगडाच्या मार्गासारखा ठेवला की माथ्यावर रेटा शून्याला टेकतो आणि माणूस आसनावरून उचलला जातो. मार्ग त्याहून तीव्र केला की गाडी स्वतःच्या मनाने उडून जाईल. तिला रुळाखालून धरून ठेवणाऱ्या चाकांचे पेटंट जॉन मिलरने १९१९ साली घेतले, आणि त्यानंतर उतार बिनधास्त उभे होऊ लागले. या उंचवट्यांची सर सरळ पडण्यालाही नाही, असे या नोंदकाराचे मत आहे.

लूपला मात्र वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो. १८९५ सालच्या ‘फ्लिप फ्लॅप’ या कोनी आयलंडच्या गाडीचा लूप पूर्ण गोल होता आणि त्यात माणसांच्या माना दुखावत. गणित सरळ आहे : गोल लूपच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी आसनाचा रेटा वजनाच्या सहापट होतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगल यांनी थेंबाच्या आकाराचा, माथ्यावर आवळ वळणाचा आणि तळाशी पसरट लूप आणला तेव्हा तो सहन होऊ लागला. आज लूपमध्ये माणूस आसनाला घट्ट दाबलेला असतो. डोळे मिटले तर आपण उलटे आहोत हे कळतही नाही. महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या इमॅजिकातील ‘नायट्रो’मध्ये पायाखाली फळी नसते, तिथे लूपपेक्षा लोंबकळणारे पायच जास्त काम करतात. निव्वळ वेगाचेही तसेच. अमेरिकेतील ‘किंगडा का’ (२००५–२०२४) साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरवर जाई आणि अबुधाबीची ‘फॉर्म्युला रोसा’ ताशी २४० पर्यंत जाते. पण तिथे मजा येते ती वेग चढत असतानाच्या धक्क्याची. तो चढला की उरतो वारा.

बसायचे कुठे, हा प्रश्न इथेही आहे. पुढच्या डब्यातून दरी दिसते. मागचा डबा माथ्यावर पोचतो तोवर पुढचे डबे उताराला लागलेले असतात, त्यामुळे तो माथ्यावरून ओढून फेकल्यासारखा जातो. पोटात गोळा हवा असेल तर मागे बसावे.

ब्रेकडान्स व मौत का कुआँ : ब्रेकडान्समध्ये मोठी तबकडी फिरते आणि तिच्यावरच्या खुर्च्या स्वतःभोवती फिरतात, प्रवाशाचे वजन कुठे कलले त्यावर खुर्ची किती वेळा गरकेल हे ठरते. याच जातीच्या अमेरिकी ‘टिल्ट-अ-व्हर्ल’चे गणित १९९४ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडले आणि तिच्या खुर्चीची हालचाल दूरवर भाकीत करता येत नाही असे दाखवले. रोलर कोस्टरचा मार्ग दुसऱ्या फेरीला पाठ होतो. ब्रेकडान्सचा होत नाही. खेड्यातल्या जत्रेने बड्या उद्यानांवर मात केलेली ही जागा.

मौत का कुआँ यात प्रेक्षक हलतच नाही. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकली, कधी मारुती ८०० सुद्धा, गोल फिरतात आणि लोक वरच्या कडेला उभे राहून दहाची नोट पुढे धरतात; स्वार ती धावत्या गाडीवरून उचलतो. ५ मीटर त्रिज्येच्या विहिरीत टायर आणि कोरड्या फळीचे नेहमीचे घर्षण धरले, तर ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या खाली गाडी घसरू लागेल. गाडी जवळून गेली की फळ्या थरथरतात आणि ती थरथर तळपायांतून वर येते. भीती दुसऱ्याच्या जिवाची असते.

सुरक्षितता : रोलर कोस्टरचे डिझायनर डोक्याजवळून जाणाऱ्या तुळया मुद्दाम ठेवतात, पोचेल असे वाटावे पण हात पोचू नये, एवढे अंतर मोजून घेतलेले असते. जत्रेत हे अंतर कोणी मोजलेले असेलच असे नाही, म्हणून झाडाची फांदी किंवा विजेची तार झुल्याच्या फेऱ्यात येते का हे चढण्याआधी पाहावे. आडव्या दांड्याची खिटी स्वतः ओढून बघावी. पदर, ओढणी, मोकळे केस आवरून बसावे. गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले आणि मान-पाठीचे दुखणे असलेले यांनी नाव व ब्रेकडान्स टाळावे. रहाटपाळण्यातही तळाशी आसनाचा रेटा वाढतो हे ध्यानात ठेवावे. झुल्यांना स्थानिक प्रशासन, पोलीस आणि वीज खात्याची परवानगी लागते. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीवरचा झुला ठोकळे पुन्हा पातळीत आणल्याशिवाय फिरवू नये. मऊ मातीत एका बाजूचा पाय दोन बोटे खचला तरी माथ्यावर त्याचा कल कितीतरी जास्त दिसतो.