फ्रान्समधला ज्यूद्वेष नेमका कुठून येतो

फ्रान्समध्ये २०२२ साली ज्यूंविरुद्धच्या ४३६ घटनांची नोंद झाली होती, २०२३ मध्ये तोच आकडा १,६७६ वर गेला, आणि त्यातल्या बहुतेक ७ ऑक्टोबरच्या हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्यानंतरच्या. त्यामुळे लोक लगेच म्हणून मोकळे होतात की हे सगळं गाझामुळे. मला हे अर्धंच पटतं. युद्धाने भडका उडाला हे खरं, पण सरपण आधीपासून रचलेलं होतं. इस्रायल सरकारवर कितीही कडक टीका करा, त्यासाठी पॅरिसमधल्या शाळकरी ज्यू पोराला कशाला धरायचं?

तसं बघितलं तर ज्यूंना बरोबरीचं नागरिकत्व देण्यात फ्रान्स युरोपात पहिला, १७९१ साली. पण शंभरेक वर्षांत, १८९४ मध्ये, फ्रेंच लष्करातल्या कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवलं आणि 'ज्यू म्हणजे आतला शत्रू' हे पेपरांतून घरोघरी गेलं. ड्रेफस निर्दोष सुटायला १९०६ उजाडलं. पुढे जुलै १९४२ मध्ये नाझी जर्मनीच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये सुमारे १३,००० ज्यूंना पकडलं ते फ्रेंच पोलिसांनीच, आणि राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून याची कबुली यायला १९९५ साल लागलं, तेही शिराक आले म्हणून!

आता दुसरा धागा, जो फार कमी लोक सांगतात. १८७० मध्ये फ्रेंच सरकारने आपल्या वसाहतीतल्या, अल्जीरियातल्या ज्यूंना सरसकट नागरिकत्व दिलं, तिथल्या मुसलमानांना नाही. १९६२ ला अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर लाखभराहून जास्त ज्यू फ्रान्सला आले ते नागरिक म्हणून, अल्जीरियन मुसलमान कामगारही येत राहिले पण परके म्हणून, आणि दोघंही पॅरिसजवळच्या सार्सेलसारख्या उपनगरांत शेजारीशेजारी राहायला लागले. बरीच वर्षं बरं चाललं होतं. मग बेकारी, पोलिसांचा जाच, पोरांना नोकऱ्या नाहीत, त्यात २००० साली दुसरा इंतिफादा (इस्रायलविरुद्ध पॅलेस्टिनींचा उठाव) रोज टीव्हीवर, आणि राग काढायला ज्यू शेजारी हाताशी. अर्थात उपनगरातल्या सगळ्यांना एकाच माळेत ओवणं चुकीचं. २०१५ मध्ये पॅरिसमधल्या कोशर (ज्यू धर्माच्या नियमांनुसारचं खाणं विकणाऱ्या) सुपरमार्केटवर हल्ला झाला तेव्हा गिऱ्हाइकांना तळघरात लपवणारा कर्मचारी लासाना बाथिली मालीचा मुसलमानच होता.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती २००६ ची इलान हालिमीची केस. २३ वर्षांचा पोरगा, मोबाईलच्या दुकानात सेल्समन, घरची परिस्थिती बेताचीच. टोळीने त्याला एका मुलीकरवी भुलवून पळवलं, तीन आठवडे हाल केले आणि लाखो युरोंची खंडणी मागितली, का तर 'ज्यूंकडे पैसा असतो', घरच्यांकडे नसला तर समाज वर्गणी काढून देईल. शेवटी तो जीवानिशी गेला. यात गाझा कुठे आहे? हा सावकार ज्यूचा मध्ययुगातला समज, थेट एकविसाव्या शतकातल्या पोरांच्या डोक्यात. २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांविरुद्धच्या मोर्च्यांत 'कोण?' (म्हणजे यामागे कोण?) एवढंच लिहिलेले बोर्ड दिसायचे, त्याचा इशारा ज्यूंकडे होता ते सगळ्यांना कळत होतं.

राजकारण तर भलतंच उलटंपालटं झालंय. ज्या अतिउजव्या ज्याँ-मारी ल पेननी १९८७ मध्ये नाझींच्या गॅस चेंबरना इतिहासातला एक 'तपशील' म्हटलं, त्यांची मुलगी मारीन नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्यूद्वेषाविरुद्धच्या मोर्च्यात चालली, आणि डावे मेलाँशों त्या मोर्च्याला फिरकलेच नाहीत. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉनसुद्धा नाहीत.